डॉ. श्रीराम लागू आणि १९७० साल

तिसरी घंटा

परवा पुतणीशी बोलताना डॉ. श्रीराम लागूंचा विषय निघाला. ती पंचविशीतली. म्हणाली, "काका, ते 'लावारिस'मधले दारुडे ना?" चूक तिची नाही. तिच्या पिढीला डॉक्टर भेटले ते दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी सिनेमांत. मराठीत बोलायचं तर 'नटसम्राट' या एका शब्दावर सगळं येऊन थांबतं. त्यापुढे कुणी जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

जन्म १६ नोव्हेंबर १९२७, सातारा. शिक्षण पुण्यात: भावे स्कूल, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल. नाटकाचं वेड मेडिकल कॉलेजातच लागलं. पुढे कान-नाक-घशाचे सर्जन झाले आणि त्याच काळात भालबा केळकरांच्या पीडीएत, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, नाटकं करत राहिले. वसंत कानेटकरांच्या 'वेड्याचं घर उन्हात'मधलं त्यांचं काम पाहिलेली माणसं आमच्या घरात होती. ती त्या प्रयोगाबद्दल बोलायला लागली की चहा गार व्हायचा. मग कॅनडा-इंग्लंडमध्ये पुढचं शिक्षण, काही काळ आफ्रिकेत, टांझानियातल्या टबोरा इथे नोकरी, परत पुणे. १९६९ मध्ये बेचाळिशीच्या उंबऱ्यावर त्यांनी चालता दवाखाना सोडला आणि पूर्णवेळ नट झाले. व्यावसायिक रंगभूमीवरचं पहिलं पाऊल कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये.

आणि मग आलं १९७०.

मे महिन्यात विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे'. थिएटर युनिटची निर्मिती, दिग्दर्शन डॉक्टरांचं, आणि त्यातला मुलगा रमाकांतही तेच. त्यांच्या पत्नी दीपा श्रीराम रमाच्या भूमिकेत. हे नाटक लिहून कित्येक वर्षं तसंच पडून होतं, कारण ते करायला कुणी धजावत नव्हतं. भाऊ, बहीण आणि बाप पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात. मुलं बापाला दारू पाजून त्याच्याकडून पैशाचा पत्ता काढतात, त्याला मारतात, घराबाहेर काढतात.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. लेखक वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, निर्मिती दि गोवा हिंदू असोसिएशनची. आप्पासाहेब बेलवलकर डॉ. लागू, कावेरी शांता जोग. इथे बाप आपलं सगळं मुलांत वाटून टाकतो आणि मुलांच्या घरून उठून रस्त्यावर येतो.

म्हणजे मे महिन्यात हा माणूस बापाला बाहेर काढणारा मुलगा होता आणि डिसेंबरात बाहेर काढला गेलेला बाप. एकाच दाराच्या दोन्ही बाजूंना, सात महिन्यांच्या अंतराने, एकच नट. त्या डिसेंबरात त्यांचं वय ४३. मला वाटतं, डॉक्टर काय चीज होते ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. नुसत्या आप्पासाहेबांवरून अर्धेच कळतात.

ज्यांनी प्रत्यक्ष प्रयोग पाहिलेत त्यांनी कृपया लिहा. आठवणी लिहिल्या नाहीत तर त्या आपल्याबरोबरच जातील.

---

शेवटची रांग

धाग्याबद्दल मनापासून आभार. 'गिधाडे'च्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यात बहिणीचा, माणिकचा, गर्भ भावांच्या लाथांनी पडतो, आणि ती रंगमंचावर येते तेव्हा तिच्या साडीवर रक्ताचा डाग असतो. सेन्सॉरने त्या डागाला हरकत घेतली. नाटकमंडळींनी काय करावं? डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की सेन्सॉरच्या आज्ञेवरून लाल डाग निळा केला आहे, तो लाल समजावा. माझे वडील त्या काळात मुंबईत होते. ते म्हणायचे की निळा डाग पाहताना पोटात जे ढवळलं ते लाल डागाने ढवळलं नसतं. आधी रंग सांगितलेला असल्यामुळे प्रत्येकाला तो स्वतःच्या मनात लाल करावा लागला.

---

मोगरा

माझा थोडा वेगळा मुद्दा. एकच नट दोन्ही बाजूंना हे वाचायला छान आहे, पण तो योगायोग नाही का? 'गिधाडे' त्यांनी स्वतः निवडलं, उभं केलं, त्यासाठी झगडले. 'नटसम्राट' त्यांच्याकडे चालून आलेलं व्यावसायिक नाटक. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत असं मला वाटतं.

शिवाय आप्पासाहेब लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, चंद्रकांत गोखले अशा मोठ्या मोठ्या नटांनी केले. मी दत्ता भटांचा प्रयोग पाहिला आहे. माझ्या आईच्या मते भटांचे आप्पासाहेब जास्त आपले वाटायचे. लागू कुठेतरी विचार करत करत रडतायत असं तिला वाटे.

---

तिसरी घंटा

मोगराताई, योगायोग आहे हे मान्य. पण तुम्ही जो फरक दाखवलात तोच मला महत्त्वाचा वाटतो. एक नाटक त्यांनी घडवलं, दुसरं त्यांनी वाहून नेलं. आत्मचरित्राला त्यांनी 'लमाण' हे नाव दिलं ते उगाच नाही. लमाण म्हणजे इकडचा माल तिकडे पोचवणारा. नटाने लेखकाचा माल न सांडता प्रेक्षकापर्यंत न्यायचा, ही त्यांची धारणा होती. पण कोणता माल उचलायचा हे मात्र या लमाणाने आयुष्यभर स्वतः ठरवलं.

तुमच्या आईंच्या मताबद्दल मला आदर आहे. "विचार करत करत रडतायत" हे निरीक्षण अगदी बारीक आहे. मला त्यात उणेपणा दिसत नाही, कारण आप्पासाहेब हा स्वतः जन्मभर नट असलेला माणूस आहे. त्याच्या दुःखातही शब्दांची सवय असणारच. आता दत्ता भटांच्या त्या प्रयोगाबद्दल सविस्तर लिहा ना.

---

कान नाक घसा

व्यवसायाने मी ईएनटी सर्जन, आणि हौशी रंगभूमीवर २२ वर्षं. त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लागूंचा आवाज 'खर्जातला', 'भरदार' असं सगळे म्हणतात. माझ्या मते आवाजाचा पोत ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. जाड आवाजाचे नट पुष्कळ असतात आणि त्यांचं पाचव्या रांगेपलीकडे काही कळत नाही. डॉक्टरांचं वैशिष्ट्य होतं ते वाक्याच्या शेवटी.

मराठी वाक्य कसं असतं पाहा. क्रियापद शेवटी येतं. होकार आहे की नकार, झालं की व्हायचंय, विनंती आहे की हुकूम, हे सगळं त्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत ठरतं. आणि नटाचा श्वास नेमका तिथेच संपलेला असतो. म्हणून आपल्याकडे बहुतेक नट वाक्याची सुरुवात दणक्यात करतात आणि "नाही" किंवा "होतं" गिळून टाकतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाक्य ऐकू येतं, अर्थ ऐकू येत नाही. लागूंच्या कुठल्याही ध्वनिमुद्रणात हे तपासा. शेवटच्या क्रियापदासाठी श्वास शिल्लक ठेवलेला असतो. 'नटसम्राट'मधल्या तुफानाच्या लांबलचक स्वगतातसुद्धा. एवढा श्वास मागे ठेवायचा तर तो कुठे घ्यायचा, हे आधीच ठरवावं लागतं. तो अर्ध्या वाक्यात, अर्थ न तोडता, चोरून घ्यावा लागतो.

यात त्यांच्या वैद्यकीच्या शिक्षणाचा हात असेलच. स्वरयंत्राच्या पट्ट्या कशा मिटतात, घसा आवळून ओरडलं की त्यांना काय इजा होते, हे त्यांनी रोज आरशातून पाहिलेलं. घसा मोकळा ठेवायचा आणि बळ पोटातल्या श्वासाचं वापरायचं, हे आम्ही रुग्णांना सांगतो. त्यांनी ते करून दाखवलं. 'वाचिक अभिनय' नावाचं त्यांचं छोटं पुस्तक आहे. नव्या नटांनी, शिक्षकांनी आणि वकिलांनीही ते जरूर वाचावं.

---

दुपारचा शो

मी त्या पुतणीच्याच वयाचा, त्यामुळे तिची बाजू मांडतो. 😊 मला खरंच एक प्रश्न आहे. एवढा मोठा नट, एवढा विचारी माणूस, मग हिंदीत शंभरावर सिनेमांत तेच ते बाप, वकील, न्यायाधीश, डॉक्टर का केले? राग म्हणून विचारत नाही, समजून घ्यायचं आहे.

---

शेवटची रांग

प्रश्न रास्त आहे. चूल पेटती ठेवायला आणि नाटकाला जागा करून द्यायला ते पैसे लागत होते, हे एक सरळ उत्तर. दवाखाना सोडलेला होता. 'रूपवेध' ही स्वतःची संस्था होती, आणि ती जी नाटकं करायची त्यांना हाउसफुल्लचे बोर्ड लागणं कठीण. ठरलेले दिवस, ठरलेलं मानधन, आणि बाकीचा वेळ तालमीला.

पण सगळंच तेच ते नव्हतं. भीमसेन यांचा 'घरौंदा' (१९७७) पाहिलात का? मोदी नावाचा वयस्कर, हृदयविकाराने आजारी, श्रीमंत मालक. नायक आपल्या प्रेयसीला सुचवतो की याच्याशी लग्न कर, हा काही फार दिवस जगत नाही. कथेच्या हिशेबाने मोदी हा अडथळा आहे. पण डॉक्टरांनी त्याला इतकं सभ्य, इतकं एकटं केलं की आपल्याला नायकाचीच शरम वाटायला लागते. सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांना या भूमिकेसाठी मिळालं. मग मृणाल सेन यांचा 'एक दिन अचानक' पाहा. मुसळधार पावसात एक प्राध्यापक घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. उरलेला सिनेमा त्याच्या नसण्याचा आहे. डॉक्टर फक्त घरच्यांच्या आठवणींतून दिसतात, तरी सिनेमाभर त्या घरात तेच असतात. ॲटनबरो यांच्या 'गांधी'त ते गोपाळ कृष्ण गोखले आहेत, काम छोटंसं आहे.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय, त्यामुळे अभिमान जरा जास्तच आहे.

मराठी सिनेमाचं कुणी बोललंच नाही अजून! 'पिंजरा' (१९७२), 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९). तिन्हींत डॉक्टर आणि निळूभाऊ फुले. असा सामना पुन्हा झाला नाही.

'पिंजरा'तले गुरुजी तमाशा गावाबाहेर घालवायला जातात आणि त्याच फडात अडकतात. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात, पण मीच तो मास्तर असं सांगत नाहीत, कारण गावाने ज्याचा पुतळा उभारला तो मास्तर तरी शिल्लक राहावा. शांतारामबापूंच्या त्या भडक रंगांत आणि ढोलकीच्या कडकडाटात हा माणूस हळूहळू आक्रसत जातो. पहिल्या दृश्यातली मान आणि शेवटच्या दृश्यातली मान पाहा, फक्त मान.

'सामना' मात्र माझ्या मते त्यांचं पडद्यावरचं सर्वोत्तम काम. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, पटकथा-संवाद तेंडुलकरांचे, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळूभाऊंचे हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखाना, शाळा, पोलीस सगळं खिशात असलेला माणूस. त्याच्या राज्यात एक दारुडा मास्तर उतरतो, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक. पाटील त्याला घरी नेतो, जेवूखाऊ घालतो, दारू पुरवतो. आणि तो एकच प्रश्न विचारत राहतो: मारुती कांबळेचं काय झालं? आमच्या भागात ऊस आहे, कारखाने आहेत. शाळेत असताना गावात पडद्यावर हा सिनेमा दाखवला होता. त्या प्रश्नाला पहिल्यांदा लोक हसले. तिसऱ्या-चौथ्यांदा कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी बसलेले आजोबा मान खाली घालून बसले होते. का, ते मला फार नंतर कळलं.

डॉक्टर तो प्रश्न कधीच गर्जून विचारत नाहीत, हे ध्यानात घ्या. जेवताना, दारू पिताना, सहज विचारतात. म्हणूनच तो टाळता येत नाही. 'सिंहासन'मध्ये तेच अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होतात आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. आता प्रश्न विचारणारा दुसरा. मूळ धाग्यातली दाराच्या दोन बाजूंची गोष्ट इथेही घडलेली दिसते.

---

तिसरी घंटा

अजिंक्यतारा, वा! हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

---

मोगरा

साताऱ्याचा विषय निघाला म्हणून. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, तेही डॉक्टर. या दोघांनी गावोगाव देव आणि विवेक या विषयावर जाहीर वादसंवाद केले. लागू उघड म्हणत, देवाला रिटायर करा. दाभोलकर म्हणत, देव मानायचा तर माना, पण त्याची चिकित्सा करू. मी श्रद्धावान आहे. घरी रोज पूजा होते. अशाच एका कार्यक्रमाला मी मैत्रिणीच्या आग्रहाने गेले होते, मनात राग घेऊन. सभागृहातून एका आजींनी तावातावाने प्रश्न विचारला. डॉक्टरांनी तो पूर्ण ऐकून घेतला, मध्ये तोडलं नाही, आणि मग शांतपणे आपलं म्हणणं सांगितलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण आपल्याला कमी लेखलं जातंय असं एक क्षणही वाटलं नाही. वाद घालणाऱ्या माणसात हे फार क्वचित सापडतं.

आणि गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखं आहे की याच माणसाने राजदत्तांच्या 'देवकीनंदन गोपाला'मध्ये गाडगेबाबा केले. ओठांवर देवाचा गजर आणि हातात खराटा. पुन्हा पाहिला तेव्हा जाणवलं की बाबांना देव दगडात दिसत नव्हता, भुकेल्या माणसात दिसत होता. त्यामुळे नास्तिक नटाला या भूमिकेत काही खोटं करावं लागलं नसावं.

---

पूर्वेकडची गाडी

मी आठ वर्षं दारेसलामला होतो. कामानिमित्त टबोराला जाणं झालं. दारेसलामहून किगोमाकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं, देशाच्या आत खोल असलेलं जंक्शनचं गाव. धूळ आणि आंब्याची झाडं. पुण्यात पीडीएच्या तालमी करून आलेल्या माणसाला तिथली संध्याकाळ कशी गेली असेल, असं स्टेशनवर उभं राहून वाटलं. परदेशात राहिलेल्या कुणालाही कळेल: आपली भाषा कानावर न पडणं काय असतं. १९६९ चा निर्णय मला तरी त्या गावात समजला.

---

कान नाक घसा

पूर्वेकडची गाडी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

एक राहिलं. सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन देता यावं म्हणून जो सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी डॉक्टर, निळूभाऊ आणि इतर नामवंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. अत्र्यांचं विनोदी नाटक! 'गिधाडे'तला रमाकांत आणि 'अँटिगनी'तला क्रेऑन करणारा नट त्यात मनापासून रमला.

---

विंगेत उभा

उशिरा येतोय. सोलापुरात आम्ही राज्य नाट्य स्पर्धेसाठी गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' केलं होतं. डॉक्टरांनी ते १९७४ च्या सुमाराला केलं होतं. श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी हा मार्क्सवादी प्राध्यापक, त्याच्या विचारांची विद्यापीठाकडून चौकशी. बहुतेक वेळ माणसं बसून बोलतात. तालमीत आम्हाला कळेना की हात कुठे ठेवायचे. आमच्या दिग्दर्शकांनी डॉक्टरांचा प्रयोग पाहिलेला. ते म्हणाले, हातांचं सोडा, समोरच्याचं ऐका. लागू चौकशी समितीचा प्रश्न असा ऐकत की उत्तर त्याच वेळी त्यांच्या डोक्यात तयार होतंय असं वाटे. प्रयोग कितवाही असो.

महेश एलकुंचवारांचं 'आत्मकथा', मकरंद साठ्यांचं 'सूर्य पाहिलेला माणूस' हीसुद्धा अशीच बोलण्याची नाटकं. दुसऱ्यात, अतुल पेठेंच्या दिग्दर्शनाखाली, सत्तरी ओलांडलेले डॉक्टर सॉक्रेटिस झाले. दिग्दर्शक त्यांच्याहून किती लहान! नव्या लेखकांच्या, नव्या दिग्दर्शकांच्या हाती स्वतःला देणं हे मला त्यांच्या अभिनयाइतकंच मोठं वाटतं. प्रेमानंद गज्वींचं 'किरवंत' त्यांनी रंगभूमीवर आणलं तेही याच हिमतीने.

---

दुपारचा शो

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री 'सामना' पाहिला. मारुती कांबळेचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. 'घरौंदा' या आठवड्यात.

तन्वीर सन्मान त्यांच्याच मुलाच्या नावाने आहे ना?

---

शेवटची रांग

हो. तन्वीर तरुण वयात गेला. रेल्वेने जाताना बाहेरून आलेला दगड लागून. डॉक्टर आणि दीपाताईंनी २००४ पासून रूपवेध प्रतिष्ठानतर्फे त्याच्या नावाने रंगभूमीवरच्या ज्येष्ठांचा सन्मान सुरू केला. पहिला इब्राहिम अल्काझींना. ज्या दुःखाने माणूस आत ओढला जातो, त्यातून त्यांनी दुसऱ्यांच्या कामाचा गौरव करायची वाट काढली. यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

---

विंगेत उभा

एक शेवटची आठवण लिहितो, आईची.

आईला पक्षाघात झाल्यावर तिने नाटक बघणं सोडलं होतं. लोक बघतात म्हणायची. 'मित्र' गावात आलं तेव्हा मी आग्रहाने तिला नेलं. डॉ. शिरीष आठवल्यांचं नाटक, विजय केंकरे दिग्दर्शक. अर्धांगवायू झालेला हेकट म्हातारा आणि त्याची देखभाल करायला आलेली परिचारिका. डॉक्टर आणि ज्योती चांदेकर. आधी मला धास्ती वाटली की चूक केली, हिला इथे आणायला नको होतं. म्हातारा परिचारिकेवर खेकसायचा तेव्हा आई हलायची नाही. मध्यंतरात काही बोलली नाही. दुसऱ्या अंकात केव्हातरी तिने आपला चांगला हात उचलून दुसऱ्या हातावर ठेवला आणि पडदा पडेपर्यंत तसाच ठेवला.

घरी आल्यावर म्हणाली, "उद्या त्या व्यायामवाल्या बाईंना ये म्हणावं." चार महिने मी ज्यासाठी विनवण्या करत होतो, ते.